एकच नेटवर्क कार्ड, दोन गेटवे: वजनकाटा जोडला की इंटरनेट जाते

चोपडेकर:
आमच्या जिनिंगच्या कार्यालयातील विंडोज १० च्या संगणकात एकच नेटवर्क कार्ड आहे. इंटरनेटचा राउटर १९२.१६८.१.१ वर असून वजनकाट्याचे जाळे १९२.१६८.२०.० चे आहे आणि तिथे १९२.१६८.१०.१ या दुसऱ्या राउटरमधून जावे लागते. दोन्ही राउटर एकाच स्विचवर असल्यामुळे कार्डाला दोन आयपी पत्ते व दोन डीफॉल्ट गेटवे (बाहेरच्या जाळ्यांकडे जाण्यासाठी ठरवलेले राउटर) दिले. तेव्हापासून इंटरनेट चालते तेव्हा काटा लागत नाही, काटा लागतो तेव्हा इंटरनेट जाते. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या राहतात. दुसरे कार्ड घ्यावे का?

भुसावळ जंक्शन:
कार्डावर पैसे घालवू नका, भाऊ. दोन कार्डांना दोन डीफॉल्ट गेटवे दिले तरी हाच घोळ होईल. ज्या पत्त्याचा वेगळा मार्ग नोंदलेला नाही, त्याची पाकिटे (माहितीचे तुकडे) डीफॉल्ट गेटवेकडे जातात. दोन गेटवे दिले की विंडोज एकाला दुसऱ्याचा राखीव समजते, पण काटा नेमका कोणाच्या पलीकडे आहे हे त्याला कळत नाही. म्हणून १०.१ हा गेटवे काढावा, १० च्या जाळ्यातील पत्ता मात्र ठेवावा. नंतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजी अक्षरांत पुढील आज्ञा द्यावी:
राउट -पी ॲड १९२.१६८.२०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१०.१
यातील ‘-पी’ गाळल्यास संगणक पुन्हा सुरू होताच मार्ग पुसला जातो, आणि वीज गेली की तक्रार पुन्हा दारात.

धुळेकर:
वरील उपाय योग्यच आहे. त्यानंतर काट्याच्या पत्त्यावर ट्रेसर्ट, म्हणजे पाकिटे कोणकोणत्या राउटरमधून जातात ते टप्प्याटप्प्याने दाखवणारी आज्ञा, चालवून पाहावी. पहिला टप्पा १.१ दिसला, तर नवा मार्ग लागू झालेला नाही, १०.१ दिसून पुढे नुसते तारे (*, म्हणजे उत्तर नाही) आले, तर आपल्या बाजूचे काम झाले. काट्याजवळही विंडोज असेल, तर तिथली फायरवॉल परक्या जाळ्यातून आलेला पिंग (संगणक उत्तर देतो का हे पाहणारी हाक) बहुधा अडवते, त्यामुळे केवळ पिंगवरून निष्कर्ष काढू नये.

चोपडेकर:
पहिला टप्पा १०.१ आला, पुढे तारेच आहेत, पण पावत्या निघू लागल्या आणि इंटरनेटही टिकून आहे. हिशेबाच्या संगणकाला फक्त १ च्या जाळ्यातील पत्ता आहे आणि तोही राउटरकडून आपोआप मिळतो. तिथेही हीच आज्ञा द्यावी का?

भुसावळ जंक्शन:
नुसत्या आज्ञेने भागणार नाही, कारण त्या संगणकाला १०.१ थेट गाठताच येत नाही. आधी आपोआप पत्ता घेणे बंद करून १ च्या जाळ्यातील पत्ता, गेटवे व डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता) हाताने भरावेत, मग त्याच खिडकीतील ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये १० च्या जाळ्यातील कोणाकडेही नसलेला पत्ता जोडावा आणि त्यानंतरच मार्ग नोंदवावा.