शिजवलेला पास्ता फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा गरम केला की त्याचा लगदा का होतो?

प्रश्न (नाशिकहून)

आम्ही दोघेही नोकरी करतो आणि मुलीची शाळा सकाळी सातला भरते, त्यामुळे आठवड्याची बरीचशी तयारी मी रविवारीच करून ठेवते. वाटणे, निवडलेल्या भाज्या, मोड आलेली कडधान्ये यांचे गणित जमले आहे. पास्त्याचे मात्र अजून जमलेले नाही. मागच्या रविवारी अर्धा किलो पेने पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण ११ मिनिटे शिजवला, चाळणीत निथळत ठेवला आणि इतर कामे उरकून साधारण दोन तासांनी, निम्म्यात टोमॅटोचा सॉस व निम्म्यात व्हाइट सॉस घालून, दोन मोठ्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवला. बुधवारी मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तेव्हा कडेचा पास्ता उकळत होता आणि मधे बर्फाचा गोळा तसाच होता. तो वितळेपर्यंत बाकीचा पास्ता बोटाने चेपला जाईल इतका मऊ झाला आणि व्हाइट सॉसमधून पाणी सुटले. मुलीने डबा न खाताच परत आणला. पास्ता असा साठवता येतो का, आणि येत असेल तर माझे नेमके कुठे चुकले, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

प्रतिसाद १ (पुण्याहून, अन्नतंत्रज्ञान शिकवते)

पास्ता नक्की साठवता येतो. तुमच्या पास्त्याचे बरेचसे नुकसान तो फ्रीझरमध्ये जाण्यापूर्वीच झाले होते. चाळणीत ढीग करून ठेवलेला पास्ता आतून बराच वेळ गरम राहतो आणि स्वतःच्या वाफेवर शिजत जातो. म्हणजे ११ मिनिटे शिजवलेला तुमचा पेने प्रत्यक्षात त्याहून जास्त शिजला, आणि पुन्हा गरम करताना तो तिसऱ्यांदा शिजला. साठवणीचा पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटे आधी उतरवावा. तुकडा दाताखाली धरल्यावर मधोमध बारीकशी कणी लागली पाहिजे. भातात ती दोष मानली जाते, येथे ती मुद्दाम राखायची असते, कारण गरम करताना तीच भरून निघते.

निथळल्यावर पास्ता लगेच परातीत एका थरात पसरावा, अर्ध्या किलोला एक चमचा तेल हलक्या हाताने चोळावे आणि पंख्याखाली ठेवावा. वीस मिनिटांत तो डब्यात भरण्याइतका निवतो. गोठवताना डबा मोठा नसावा. एका वेळच्या जेवणापुरता पास्ता झिपच्या पिशवीत भरून, हवा काढून, हाताने चपटा करून आडवा ठेवला तर तो लवकर गोठतो. गोठायला जितका वेळ लागतो तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात, आणि मोठे स्फटिक पास्त्याची वीण आतून फाडतात. वितळल्यावर जो पाणचट मऊपणा येतो तो त्यामुळेच.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला पास्ता ताठर का होतो, याचेही उत्तर देते, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. शिजताना फुललेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचना धरू लागतो, आणि ही क्रिया ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे नेमक्या फ्रिजच्या तापमानाला, सर्वांत वेगाने घडते. उणे १८ अंशांना ती जवळजवळ थांबते. फ्रिजमधला शिळा भात कडक होतो आणि फोडणीला टाकून वाफ आणली की पुन्हा मऊ होतो, तेही याच कारणाने.

पाकीट घेताना ते ड्युरम गव्हाच्या रव्याचे आहे ना, हे आवर्जून पाहावे. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. मैद्याचा स्वस्त पास्ता साठवणीला टिकत नाही, मग कितीही काळजी घेतली तरी.

प्रतिसाद २ (बोलोन्या, इटली येथून)

येथे नऊ वर्षे राहत असल्यामुळे थोडी भर घालतो. नुसता उकडलेला पास्ता गोठवण्याची पद्धत माझ्या शेजारपाजारच्या घरांत मी पाहिलेली नाही. गोठवतात तो सॉस. आमच्या शहराचा खिम्याचा रागू मोठ्या पातेल्यात तासन्‌तास शिजवून लहान डब्यांत भरून ठेवतात आणि पास्ता त्या त्या वेळी ताजा उकळतात. पास्त्यासकट गोठवायचेच असेल तर लझान्या उत्तम, कारण ते सॉसमध्ये पूर्ण बुडालेले असते आणि ओव्हनमध्ये सावकाश गरम होते. तुमच्याकडे वेळ सकाळी नसतो, रविवारी असतो, हे लक्षात घेता मी टोमॅटोचा सॉस वेगळ्या पिशव्यांत आणि पास्ता वेगळ्या पिशव्यांत ठेवेन.

आकारालाही महत्त्व आहे. पेने, रिगातोनी, फुसिल्ली हे जाड आकार तग धरतात. बारीक स्पॅगेटी गोठवण्याच्या भानगडीत पडू नये. उरलेल्या स्पॅगेटीचे नापोलीचे लोक अंडी आणि चीज घालून जाड धिरड्यासारखे फ्रित्ताता करतात, ते डब्यालाही चांगले लागते.

गरम करण्यासाठी मायक्रोवेव्हपेक्षा उकळते मिठाचे पाणी अधिक विश्वासाचे वाटते. गोठलेला पास्ता न वितळवता थेट त्यात सोडावा, तुकडे सुटे झाले आणि आतपर्यंत तापले की, म्हणजे साधारण एक ते दोन मिनिटांत, निथळून कढईतल्या गरम सॉसमध्ये घालावा आणि त्याच पाण्याचे दोन-तीन चमचे टाकून परतावा. व्हाइट सॉस गोठवूच नये. मैद्याने दाट केलेला दुधाचा सॉस वितळताना पाणी सोडतो. मंद आचेवर थोडे दूध घालून घोटल्यास बराचसा सावरतो, पण मूळचा मऊपणा येत नाही.

प्रतिसाद ३ (नागपूरहून)

चवीबद्दल वर उत्तम लिहिले आहे, परंतु ते दोन तास मला अधिक खटकले. बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. शिजवलेला भात किंवा पास्ता बाहेर राहिला की ते रुजतात आणि त्यांतले काही प्रकार असे विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. ब्रुसेल्समध्ये २००८ साली एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याचा असाच मृत्यू झाला; त्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली होती. तुमचे दोन तास आणि ते पाच दिवस यांची बरोबरी मी करत नाही, पण शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत थंडाव्यात जावे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात, असा नियम आहे. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये मी एका तासाचाच आकडा धरते. गरम करताना पास्ता मधोमध ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून, मधे एकदा ढवळावे. एकदा वितळवलेला पास्ता पुन्हा गोठवू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी फुसिल्ली दोन मिनिटे आधी उतरवून, परातीत निववून, चपट्या पिशव्यांत ठेवला. आज सकाळी उकळत्या पाण्यातून काढून टोमॅटोच्या सॉसमध्ये परतला आणि मुलीचा डबा रिकामा परत आला. एक शंका उरली आहे: आमचा फ्रिज एकदारी आहे आणि वरच्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीमही नीट घट्ट राहत नाही. त्यात पास्ता किती दिवस ठेवावा?

प्रतिसाद १

कप्प्याच्या दारावर हिमताऱ्यांची खूण आहे का, ते पाहा. वीजबचतीचे तारे वेगळे, त्यांच्याशी गल्लत होऊ देऊ नका. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. तीन तारे असतील तर पास्ता एक-दोन महिने चवीला चांगला राहतो. आइस्क्रीम मऊ पडते म्हणजे तुमचा कप्पा बहुधा त्याहून कमी थंड आहे; तेव्हा रविवारचा पास्ता त्याच आठवड्यात संपवावा आणि पिशवीवर तारीख लिहून ठेवावी.