प्रीॲम्प थेट पॉवर्ड स्पीकरला: टोन खरंच मरतो का?

सहावी तार
"पॉवर्ड स्पीकरवर गिटार वाजवणं म्हणजे टोनची माती" हे ऐकून कान किटले. (प्रीॲम्प म्हणजे गिटारचा क्षीण सिग्नल वाढवून टोन घडवणारा टप्पा, पॉवर्ड स्पीकर म्हणजे आतच ॲम्प असलेला स्पीकर.) दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो, जोडणीचा असतो. गिटार कॅबिनेटमधला १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो. डिस्टॉर्शनची करकर तोच गाळून टाकतो. पॉवर्ड स्पीकरचा हॉर्न (वरच्या पट्टीचा भाग) मात्र पार वरपर्यंत सगळं वाजवतो. मधे काहीच न लावता प्रीॲम्प जोडलात तर माशा घोंघावल्यासारखा आवाज येणारच. कॅब सिम्युलेशन (गिटार कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) किंवा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा टिपलेला ठसा) हवाच. मग लो कट (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झ, हाय कट (त्यावरचं कापणारा) ६ किलोहर्ट्झच्या आसपास. स्पीकरच्या मागचा स्विच 'माइक'वर असेल तर 'लाइन'वर आणा, नाहीतर इनपुटलाच क्लिपिंग होतं (सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन फाटतो) आणि खापर फुटतं प्रीॲम्पवर. आतला प्रीसेटही फ्लॅट (कुठलीही पट्टी न उचललेला) ठेवा.

ट्यूबप्रेमी
जोडणीचं सगळं मान्य, निष्कर्ष साफ अमान्य. आयआर म्हणजे एका माइकने एका जागेवरून टिपलेलं कॅबिनेट. स्पीकरच्या कोनच्या (पडद्याच्या) मध्यापासून माइक दोन बोटं सरकवला तरी टोन बदलतो, आणि तुम्ही त्यातली एकच जागा कायमची धरून बसता. शिवाय स्पीकरचा इंपीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) फ्रीक्वेन्सीनुसार बदलतो. ट्यूब पॉवर ॲम्पवर (स्पीकर चालवणाऱ्या, व्हॅक्यूम ट्यूबच्या ॲम्पवर) त्याचा परिणाम होतो, म्हणून खर्जात उठाव येतो आणि वरच्या पट्टीत धार. तुमच्या सेटअपमध्ये हा भागच नाही. प्रीॲम्पला पॉवर ॲम्प आणि गिटार कॅबिनेट द्या, मग बोलू.

सहावी तार
तो उठाव पॉवर ॲम्प सिम्युलेशनने बराचसा मिळतो. आणि मोठ्या कार्यक्रमात तुमच्या कॅबिनेटसमोर माइक लागतोच ना? श्रोत्यांपर्यंत मुख्यतः तोच आवाज पोहोचतो. मी तोच आवाज वाजवताना ऐकतो, एवढाच फरक.

पंचम
तुम्ही दोघंही आवाजाची पातळी विसरलात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं की हळू आवाजात कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. घरी हळू आवाजात बास चढवून बसवलेला टोन मंचावर गदगदतो आणि मिड्स (मधल्या पट्टीचे सूर) बुडतात. टोन कार्यक्रमाच्या आवाजातच बसवा. गिटारच्या सहाव्या, सर्वांत जाड तारेवर पाम म्यूट करून (तळहाताची कड तारेवर टेकवून) वाजवत राहा आणि लो कट हळूहळू वर न्या. 'भुंम' जाऊन 'ठक' ऐकू आला की तिथे थांबा. स्पीकर कोपऱ्यात जमिनीवर असेल तर खर्ज आपोआप फुगतो, तेव्हा आधी जागा बदला.

चिकारी
अकूस्टिकवाल्यांनी कॅब सिम्युलेशनच्या नादी लागू नये. पीझो पिकअपला (अकूस्टिक गिटारची कंपनं टिपणाऱ्या सेन्सरला) निदान १ मेगओहम इंपीडन्सचं इनपुट लागतं. लाइन इनपुट १० किलोओहमच्या घरात असतं. प्रीॲम्पचं खरं काम तिथे आहे.

ट्यूबप्रेमी
मंचापुरतं पटलं. पण लांबवलेला सूर फीडबॅकवर (स्पीकरच्या आवाजाने तार पुन्हा कंप पावते त्यावर) तरंगतो, त्याचं काय? त्यासाठी कॅबिनेटची हवा अंगावर यावी लागते.

सहावी तार
फीडबॅक पॉवर्ड स्पीकरवरही मिळतो. स्पीकर गिटारच्या मागे न ठेवता मॉनिटरसारखा तिरका समोर ठेवा, जवळ उभे राहा आणि आवाज मोकळा सोडा. प्रीॲम्पमध्ये नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावला असेल तर तेवढा सैल करा. तो घट्ट असला की सूर फुलायच्या आत कापला जातो.