टायटॅनिकच्या तक्त्यावर 'भाकीत' कसलं करता?

खारावारा: मुलीच्या मशीन लर्निंगच्या कोर्सचा पहिला प्रकल्प पाहिला. अर्थातच टायटॅनिक. 891 प्रवाशांचा तक्ता मॉडेलला शिकवायचा आणि उरलेल्या 418 जणांत कोण वाचलं ते ओळखायचं. एप्रिल 1912 मध्ये घडून गेलेल्याचं भाकीत! तक्त्यात 314 बायकांपैकी 233 वाचल्या, 577 पुरुषांपैकी 109. 'बाई असेल तर वाचली' एवढी एकच ओळ लिहिली तरी कॅगलवर (अशा स्पर्धांची वेबसाइट) 76 टक्क्यांच्या वर गुण मिळतात. पोरीने दोन रात्री जागून रँडम फॉरेस्ट नावाचं भारीतलं मॉडेल चालवलं, मिळाले 77. कशाला हा खटाटोप?

दशांश: हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. तीच ओळ तिसऱ्या वर्गाला लावून बघा. 144 बायकांपैकी 72 गेल्या. पहिल्या वर्गात 94 पैकी 3. हे कुठे आलं तुमच्या ओळीत? शिवाय 177 जणांच्या वयाचा रकाना रिकामा आहे, तो भरायलाही शिकली असेल.

खारावारा: भरला ना! सरसकट 28, मीडियन म्हणजे मधलं वय म्हणून. त्यात नावामागे 'मास्टर' लावलेले चौघे होते. तेव्हा इंग्रजीत लहान मुलग्यांना मास्टर म्हणत. झाले एका फटक्यात बाप्ये.

अर्धाकप: हसलो 😀 पण ही चूक तुम्हाला नुसतं बघून सापडली. कर्जाच्या लाखभर अर्जांत सापडली असती का? म्हणून हाच तक्ता शिकायला बरा.

धक्क्यावरचा: माझा आक्षेप निराळा. जहाजाच्या डावीकडे लाइटोलर हा अधिकारी वल्ही मारायला लागतील तेवढे सोडून पुरुषांना बोटीत घेत नव्हता. उजवीकडे मर्डॉक हा अधिकारी आसपास बायका नसतील तर घेत होता. कोण कुठल्या बाजूला उभं होतं, हा रकानाच नाही. मॉडेल शिकतं ते त्या रात्रीचे हुकूम. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट उलटली, तिथे कसले हुकूम आणि कसल्या रांगा? हे मॉडेल तिथल्या बायकांना कागदावर वाचवून मोकळं होईल.

दशांश: रामदासला लावा असं म्हणतंय कोण? त्याच जहाजावरच्या 418 जणांपुरतं आहे ते.

खारावारा: मग भाकीत म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं. आणि ते कॅगलवर शंभर टक्के गुण मिळवणारे? वाचलेल्यांची यादी जगजाहीर आहे, सरळ उतरवून काढतात.

अर्धाकप: ते कॉपीबहाद्दर सोडा. मुलीने ती चार पोरं दुरुस्त केली का?

खारावारा: केली. गुण तेवढेच राहिले.