थकलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करावं का?

खिडकीपाशी

ओळखीतल्या एका काकूंची केस आहे, पण घरोघरी हेच चालतं म्हणून इथे मांडतो. वन बीएचके, लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणारा) नोंदणीकृत करार, भाडं महिना 16,000, डिपॉझिट 50,000. राहणाऱ्या मुलाची नोकरी गेली आणि तीन महिने भाडं आलेलं नाही. करार संपायला दोन महिने उरलेत. तो म्हणतो, "काकू, डिपॉझिट तुमच्याकडेच पडून आहे, त्यातून वळतं करून घ्या." काकूंना दया येते, त्यांचा मुलगा चिडलाय, आणि एजंट फोन उचलत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: वळतं करू नये. तीन महिन्यांचे 48,000 गेले की हातात उरतात 2,000. पुढे त्याने दोन महिन्यांचंही भाडं दिलं नाही, वीजबिल थकवलं, किंवा मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर काकूंकडे धरून ठेवायला काहीच नाही. डिपॉझिट असतं ते शेवटच्या दिवसाच्या हिशेबासाठी. ते मधेच खाल्लं की हिशेबाच्या दिवशी भांडणाशिवाय दुसरं काही होत नाही.

भाडेकरू नंबर सात

साफ चूक. शेवटच्या दिवशी हिशेब होतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? पेंटिंगचे इतके, सफाईचे इतके, भिंतीला खिळा मारला त्याचे इतके, आणि "उरलेले पुढच्या आठवड्यात टाकतो". तो पुढचा आठवडा येत नाही. म्हणून आम्ही लोक शेवटचे दोन-तीन महिने भाडं न देता राहतो. याला थकबाकी म्हणत नाहीत, स्वतःचे पैसे सोडवून घेणं म्हणतात.

हप्तेकरी

वा! म्हणजे घरमालक चोर आहे असं आधीच ठरवून भाडं बंद करायचं. माझ्या फ्लॅटचा हप्ता भाड्यातूनच जातो. बँक मला विचारत नाही की भाडेकरूची नोकरी आहे की गेली. माझा अनुभव सांगतो, मीटर आपल्या नावावर असतो. एक दिवस लाईट बंद केली की संध्याकाळपर्यंत पैसे येतात. नोटीस-बिटीस वकिलांची पोटं भरायला आहेत.

तारीख पे तारीख

हप्तेकरी, हे इथे लिहिलंत ते ठीक, भाडेकरूला व्हॉट्सॲपवर लिहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 29. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सांडपाणी यांसारख्या आवश्यक सोयी पुरेशा कारणाशिवाय तोडल्या तर कोर्ट त्या पूर्ववत करायला लावतं, शिक्षेचीही तरतूद आहे. आणि थकलेलं भाडं हे "पुरेसं कारण" होतं असं गृहीत धरू नका, त्यासाठी वसुलीचा वेगळा रस्ता कायद्यानेच दिलाय.

हप्तेकरी

कलम 29 "भाडेकरू"ला आहे. लिव्ह अँड लायसन्सवाला भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. आम्हीही थोडं वाचतो.

तारीख पे तारीख

वाचलंत हे बरं केलंत. हा मुद्दा कोर्टात मांडता येईल, मान्य. पण मांडणार केव्हा? तो पोलीस चौकीत तक्रार देऊन आल्यावर. तोपर्यंत थकबाकीची केस बाजूला पडलेली असते आणि तुम्ही उत्तरं देत बसलेले असता. कुलूप लावलंत तर त्याहून वाईट. आत त्याचं सामान. उद्या तो म्हणाला की कपाटात सोन्याची चेन होती, तर नव्हती हे तुम्ही कसं सिद्ध करणार?

काकूंची बाजू मुळात भक्कम आहे, ती अशाने घालवू नका. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेला याच कायद्याचं कलम 24 लागतं. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. मुदतीनंतर ताबा मिळेपर्यंत कराराच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी करारातला मजकूर तिथे निर्णायक पुरावा धरतात. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर अर्जातलं म्हणणं त्याने कबूल केलं असं समजतात. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे वरून आदेशाची फेरतपासणी.

भाडेकरू नंबर सात

बघा, सगळा कायदा घरमालकाच्याच बाजूचा. नोकरी गेलेल्या पोराने काय करायचं तेवढं कुणी सांगत नाही.

कोरा स्टॅम्पपेपर

मधेच विचारतो. थकबाकीसाठी 90 दिवसांची नोटीस द्यावी लागते असं मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने सांगितलं. आणि आमचा करार 500 च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला आहे, नोंदणी नाही. चालतं ना?

तारीख पे तारीख

दोन वेगळे प्रश्न आहेत. ते 90 दिवस कलम 15 मधले, म्हणजे भाडे नियंत्रणाखालच्या भाडेकरूंसाठी. पागडीची (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली) जुनी घरं वगैरे. तिथे थकबाकीची लेखी मागणी पोचल्यापासून 90 दिवस उलटल्याशिवाय ताब्याचा दावाच लावता येत नाही. दावा लागला तरी समन्सपासून 90 दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह भरली, खर्च दिला आणि निकाल लागेपर्यंत भाडं भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. लिव्ह अँड लायसन्सला हे लावू नका. तिथे करारात काय लिहिलंय ते आधी बघायचं, बहुतेक मसुद्यांत भाडं थकल्यास करार रद्द करण्याचं कलम असतं.

नोंदणीबद्दल: नाही चालत. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. भाडं 16 हजार नव्हे, 9 हजार ठरलं होतं असं तो म्हणाला तर? शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हप्तेकरी

कलमं पाठ आहेत तुमची, पण त्या प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात किती महिने लागतात ते गेलेल्यालाच माहीत. त्यापेक्षा आधीच पुढच्या तारखांचे चेक घेऊन ठेवावेत. परत गेला की कलम 138, चेक न वटल्याबद्दलचा फौजदारी खटला.

खिडकीपाशी

चेकचा उपाय वाईट नाही, पण त्याचीही घड्याळं आहेत. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि ते संपल्यावर महिन्याभरात तक्रार. काकूंसारखी माणसं पहिले 30 दिवस "देईल बिचारा" म्हणण्यातच घालवतात.

मूळ दुखणं तेच आहे. तीन महिने सगळी बोलणी जिन्यात झाली. एक ओळ लेखी नाही. पहिला महिना चुकला त्याच आठवड्यात साधं पत्र किंवा मेसेज जायला हवा होता: अमुक महिन्याचं भाडं आलेलं नाही, कधीपर्यंत देता ते कळवा. धमकी नको, वकीलही नको. निव्वळ भाड्याच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, पण दाव्यात दाखवायला काही कागद तर हवा.

भाडेकरू नंबर सात

घरमालकांनाही एक लेखी सवय लावा मग: रोख घेतलं तर पावती. ती देणं कायद्याने बंधनकारक आहे. "एवढा विश्वास नाही का" हे वाक्य मला तीन घरांत ऐकायला मिळालंय.

आणि तुम्ही कुणी अडचण समजूनच घेत नाही आहात. मुलगा घर सोडायला तयार असेलही. पण जाणार कुठे? नव्या घरमालकाला आधी डिपॉझिट लागतं, आणि ते पैसे जुन्या घरमालकाकडे अडकलेले. नोकरी गेलेला माणूस दोन डिपॉझिटं एका वेळी कुठून उभी करेल? तो तुमच्या घरात चिकटून बसतो तो मस्तीने नाही.

खिडकीपाशी

हा मुद्दा बिनतोड आहे आणि घरमालकांना तो दिसत नाही. पण त्यावर उत्तर "राहत राहा आणि डिपॉझिट खात राहा" हे नाही. त्यात दर महिन्याला त्याचेच 16,000 संपताहेत. आज सोडलं तर किमान काहीतरी हातात येईल, दोन महिन्यांनी तोच 30,000 देणं लागेल. लॉक-इन (करार मधेच सोडता येत नाही तो काळ) संपला असेल तर त्याने आजच जागा सोडण्याची नोटीस द्यावी. संपला नसेल तरी काकूंनी तो सोडून द्यावा. रिकामं घर पुन्हा भाड्याने जाईल, थकबाकीदार बसलेलं घर जाणार नाही.

म्हणून काकूंना मी सुचवतोय की एक कागद करा, दोघांच्या सह्यांनी. त्यात आजवरची थकबाकी 48,000 हे त्याने मान्य केल्याचं, जागा सोडण्याची नक्की तारीख, त्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि घराचे फोटो, आणि चावी हातात येताच डिपॉझिटमधून थकबाकी वळती. वीजबिल वगैरे उरलेल्या 2,000 हून जास्त निघालं तर ते वरचे दोन हप्त्यांत. रंगाचे पैसे मागायचे नाहीत.

हप्तेकरी

म्हणजे शेवटी वळतंच केलंत!

खिडकीपाशी

चावी मिळाल्यावर. आधी नाही. वाद तेवढ्याचाच होता.

भाडेकरू नंबर सात

तुमचा कागद मला चालेल, एका अटीवर. डिपॉझिट उरत असेल तेव्हाही हाच नियम लावा: चावीच्या दिवशीच परत, आणि ते मूळ करारात लिहा. आणि मुळात डिपॉझिट किती असावं याचंही बोला. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच कमाल मर्यादा आहे. तो नुसता नमुना आहे, राज्याने केला तरच लागू होतो, हे मलाही माहीत आहे.

हप्तेकरी

दोन महिने? मग तर माझं मीटरचं बटणच बरं.

तारीख पे तारीख

हप्तेकरी, तुमची केस आली की मला मेसेज करा. फी आगाऊ घेईन, डिपॉझिटमधून वळती करणार नाही.