आयटी आपत्ती-निवारण योजनेची चाचणी कशी घ्यावी? (सोलापूर) सल्ला हवा

अक्कलकोट रोड :
नमस्कार. मी सोलापुरातील एका टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात संगणक विभाग सांभाळतो. ईआरपी (साठा, उत्पादन, विक्री एकत्र सांभाळणारी प्रणाली) आणि हिशेबाचे टॅली कारखान्यातल्याच सर्व्हरवर चालतात, रोज रात्री बॅकअप होतो आणि त्याची एक प्रत शहरातील कार्यालयात जाते. मे २०२५ मध्ये आमच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसे गेली. त्यानंतर मालकांनी आधी कामगारांच्या सुटकेच्या वाटा तपासून घेतल्या आणि आता संगणक व्यवस्थेचे काय, असे मला विचारले आहे. ऑडिटसाठी लिहिलेली योजना फायलीत आहे, परंतु ती कधी वापरून पाहिलेली नाही. काम न थांबवता चाचणी कशी घ्यावी? जानेवारीतील सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत सर्व एकदम उरकावे, असा एक विचार आहे.

सात रस्ता :
सर्व एकदम करू नका. पहिल्या चाचणीत फक्त कालचा बॅकअप दुसऱ्या, रिकाम्या यंत्रावर रिस्टोअर करा, म्हणजे त्यातून सर्व डेटा परत उभा करा, आणि घड्याळ लावून वेळ मोजा. बॅकअप 'यशस्वी' झाल्याचा संदेश हा पुरावा नव्हे. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेहमीचा बॅकअप डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्तीतील फरकामुळे होतच नव्हता आणि तो फसल्याचे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते, असे उघड झाले. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून बाकीचे वाचले.

दोन गोष्टी आवर्जून पाळा. रिस्टोअर केलेले यंत्र कारखान्याच्या नेटवर्कपासून आणि इंटरनेटपासून पूर्ण तोडलेले असावे. नाहीतर ती प्रत जागी होताच स्वतःला खरा सर्व्हर समजून ग्राहकांना जुने ईमेल पाठवील किंवा ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदी टाकू लागेल. दुसरे म्हणजे, रिस्टोअर तुम्ही स्वतः करू नका. लेखी योजना सहकाऱ्याच्या हाती द्या, शेजारी गप्प बसा आणि तो जिथे अडेल तिथे कागदावर खूण करा, कारण आपत्तीच्या दिवशी तुम्ही पुण्याला गेलेले किंवा आजारी असू शकता. डेटा बरोबर आला की नाही, हे मात्र लेखा विभागाने ठरवावे: त्यांनी कालचे शेवटचे बिल उघडावे, एखाद्या ग्राहकाची येणे बाकी आणि सुताचा साठा छापील कागदाशी ताडून पाहावा.

भुईकोट :
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण यात्रेच्या सुट्टीविषयी माझे मत वेगळे आहे. त्या दिवसांत यंत्र मोकळे मिळेल, परंतु ताडून पाहणारी माणसे अक्षता सोहळ्याला गेलेली असतील. ११ तारखेचे जीएसटीआर-१ आणि २० तारखेचे ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरून झाल्यावर, महिनाअखेरीची घाई सुरू होण्याआधीचा एखादा शनिवार निवडा. राष्ट्रीय शेअर बाजारानेही २ मार्च २०२४ या शनिवारी मुद्दाम विशेष सत्र ठेवले आणि त्याचा दुसरा भाग आपत्तीसाठी राखलेल्या केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहारांसह चालवला.

मला अधिक काळजी तुमच्या दुसऱ्या प्रतीची वाटते. दोन्ही प्रती सोलापुरातच आहेत. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप जवळच्या लातूर जिल्ह्यातला होता, त्यामुळे एक प्रत जिल्ह्याबाहेर हवीच. मुंबई किंवा पुण्यातील क्लाउडवर ठेवलीत, तर तिथून संपूर्ण डेटा तुमच्या जोडणीवरून उतरवायला किती तास लागतात, हेही चाचणीत मोजा. शिवाय ती प्रत रोजच्या ॲडमिन पासवर्डने पुसता येणार नाही अशी असावी, कारण खंडणीचे व्हायरस आधी बॅकअपच शोधतात. पासवर्ड आणि डिस्क उघडण्याच्या किल्ल्या त्याच सर्व्हरवर ठेवू नका; जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा बिटलॉकरच्या (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीच्या) किल्ल्या बंद सर्व्हरवरच राहिल्याने काही ठिकाणी दुरुस्ती अडून बसली होती.

अक्कलकोट रोड :
दोघांचेही मनापासून आभार. बॅकअप रात्री अकराला होतो. संध्याकाळी सहाला सर्व्हर गेला, तर दिवसभराच्या नोंदींचे काय?

सात रस्ता :
त्या गेल्याच असे धरावे लागेल, आणि किती तासांच्या नोंदी गेलेल्या चालतील हे संगणक विभागाने नव्हे, मालकांनी ठरवायचे असते. प्रेषण विभागाला विचारा: न्हावा शेव्याला निघालेल्या कंटेनरची पॅकिंग लिस्ट दिवसअखेर पुन्हा तयार करता येईल का? त्यांचे उत्तर 'नाही' असेल, तर दुपारी आणखी एक बॅकअप घ्या आणि चलनाची कार्बन प्रत बंद करू नका. चाचणीच्या शनिवारी त्या कार्बन प्रतींवरून अर्ध्या दिवसाच्या नोंदी रिस्टोअर केलेल्या यंत्रात पुन्हा भरून पाहा. या कामाला किती माणसे आणि किती वेळ लागतो, याचा उल्लेख बहुतेक योजनांमध्ये नसतो. चाचणी झाली की तो त्याच दिवशी योजनेत लिहा आणि योजनेची छापील प्रत कारखान्याबाहेर, शक्यतो मालकांच्या घरी ठेवा.