‘इट्स फाइन’ म्हणजे पसंत पडलं की चालवून घेतलं?

मदत हवी आहे. सोलापुरात आमचे टेरी टॉवेलचे चार माग आहेत. लंडनच्या गिऱ्हाइकाला दोन नमुने पाठवले. पांढऱ्याला उत्तर आलं ‘व्हेरी नाइस’, निळ्या काठाच्याला नुसतं ‘इट्स फाइन’. शब्दकोशात उत्तम, बारीक, दंड असे तिन्ही अर्थ सापडले. (आमच्या धंद्यात फाइन म्हणजे बारीक सूत!) भाचा म्हणतो, चहा विचारल्यावर ‘आय ॲम फाइन’ म्हणजे ‘नको’. मग तर धास्तीच बसली. ‘फाइन क्वालिटी’ ही स्तुती, एवढं कळतं. भाव मान्य आहे, बदल काही सुचवलेला नाही. सोमवारी मागावर बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) चढवायचंय. या ‘इट्स फाइन’ला होकार धरू का? आणि खात्री करायचीच तर उद्धट न वाटता इंग्रजीत नेमकं काय लिहू?