तेरा माणसं, एक तवा: घरात दुसरी शेगडी मांडावी का?

पडवीकर
घरातला वाद इथे मांडतोय, कारण घरात आता त्यावर कोणी सरळ बोलत नाही.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून पायी पाच मिनिटांवर. माणसं १३. आई-अण्णा, आम्ही तिघे भाऊ, तिघी जावा, पाच मुलं. दादा बागेचं बघतो, माझं बाजारात दुकान, धाकटा शाळेत शिक्षक. गेल्या आठवड्यात धाकट्याच्या बायकोने सांगितलं की मागच्या पडवीत दोन बर्नरची शेगडी मांडते. सकाळचा चहा, न्याहारी आणि डबे त्यांचे ते करणार, दुपारचं-रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकत्र. आई दोन दिवस गप्प आहे.

माझा विरोध आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा निम्मी कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या, वाडीत वीज यायला महिना लागला. त्या महिन्यात आमच्या एका चुलीवर आम्ही जेवलोच, वर शेजारची दोन घरंही जेवली. तीन चुली असत्या तर प्रत्येकाने आधी आपला डबा झाकला असता. मे अखेरीला आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो ती एकदाच: तांदूळ, कडधान्यं, कांद्याच्या माळा, सुकट, बोंबील, आमसुलं. दोन शेगड्या झाल्या की दोन याद्या आल्या. वाडीतल्या एका घरात शेगडीपाठोपाठ रेशनकार्डही फुटलेलं पाहिलंय. उद्या आमच्याकडे तेच.

सड्यावरची
मी गुहागरकडची. २२ वर्षं मधली जाऊ आहे, म्हणून लिहिते.

पडवीकर, तुमच्याकडे न्याहारीला घावनं असतील. माणशी तीन धरली तर १३ जणांची ३९, पहिलं तव्याला चिकटतं ते धरून ४०. बिडाच्या तव्यावर एका वेळी एकच. पीठ ओता, झाकण घाला, कडा सुटली की उलथा, दोन मिनिटं गेली. म्हणजे ८० मिनिटं एक बाई तव्यासमोरून हलू शकत नाही. त्यात कोणाची सातची एसटी, कोणाची साडेसातची शाळा, अण्णांना गोळीआधी खायला हवं. गरम घावन नेमाने बाहेर जातं आणि फाटलेलं, जाड झालेलं, कडेला करपलेलं डब्याच्या झाकणात साठत जातं. साडेनऊला त्या झाकणात जे असतं ती करणारीची न्याहारी. चटणी तोवर संपलेली.

तुम्ही सांगता ती एकजूट मला मान्य आहे. ती कोणाच्या पायांवर उभी आहे, एवढंच विचारते.

डोंबिवलीकर चाकरमानी
ताई, इतकं कडू नका लिहू. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हापासून एकही गणपती चुकवलेला नाही. खेडला उतरायचं, घर गाठायचं, ओटीवर तीस माणसांची पंगत, केळीची पानं, वाफाळता भात. आमच्या इमारतीत शेजारच्याचं आडनाव दारावरची पाटी वाचून कळतं. जे तुमच्याकडे आहे ते जपा.

सड्यावरची
तीस माणसांची पंगत तुम्ही बसून पाहिलीत. आम्ही वाढून पाहिली. तिसऱ्या पंगतीला बसतो तेव्हा वालाच्या भाजीत वाल शोधावे लागतात.

मधला नातू
मी असल्याच घरात वाढलोय, आता पुण्यात खोली घेऊन राहतो. दहावीच्या पेपरला निघालो तर चार बायका चार वाट्यांत दही घेऊन उभ्या. आई रागावली की काकूच्या खोलीत, काकू रागावली की आजीच्या पाठीमागे. लहान मुलांचं मत कोणी विचारत नाही, म्हणून सांगितलं. माझं मत पडवीकरांना.

गजालीवालो
आमी कुडाळचे. आमच्यात १२ वर्सांआधी चूल येगळी झाली. आधी न्हेरीचीच हां, तुमच्यासारखीच. मगे रातच्या जेवणाची, मगे गॅसाचो नंबर येगळो, मगे पाण्याचो पंप. आता तीन भाव, तीन गॅस आणि आयेची पाळी. एकेका महिन्याची. ३१ दिवसांचो महिनो इलो काय कोणाच्या तरी कपाळार आठी येता, एक दिस जास्त म्हणान. आये बोलना नाय, पिशवी भरता आणि दुसऱ्या दारात जाता. शेगडी मांडूच्या आधी ह्यो इचार करा.

सड्यावरची
हे वाचून घास अडकला, खरंच. पण भाऊ, तुमच्या आईची पाळी शेगडीने लावलेली नाही. तिघा मुलग्यांनी लावली.

गजालीवालो
लावलंव आमीच, खोटा कित्याक बोलू? पण एकच चूल असती तर लावूक जमली नसती. म्हणान सांगतंय.

वकीलबाई
रत्नागिरीत दिवाणी कामं बघते. चूल वेगळी म्हणजे वाटणी झाली, हा समज अशिलांमध्ये फार आढळतो. हिंदू एकत्र कुटुंबात नुसतं वेगळं शिजवणं किंवा वेगळं राहणं यावरून वाटणी सिद्ध होत नाही. वेगळं होण्याचा इरादा स्पष्ट दिसावा लागतो. पडवीतल्या चहाने सातबारावरचं एक अक्षर हलणार नाही.

रेशनचंही तसंच. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, त्यामुळे कार्ड फोडून दाणा वाढत नाही. अंत्योदयाचे ३५ किलो कार्डामागे असतात, तो हिशोब निराळा. भांडण करायचं तर करा, कायद्याचं नाव पुढे करू नका.

माहेरवाशीण
मघापासून सगळे ‘आम्ही तिघे भाऊ’ वाचतोय. हिंदू वारसा कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगीही जन्मानेच हिस्सेदार आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पडवीकर, तुम्हाला बहीण आहे का? असेल तर घर फुटण्याच्या काळजीत तिलाही फोन करा.

पडवीकर
बहीण आहे, चिपळूणला. फोन केला. ती हसली आणि म्हणाली, ‘मी लग्न ठरल्यावर सुटले म्हणून आनंदाने नाचले होते, तू विसरलास.’ तेव्हा ती दुसऱ्या कशामुळे नाचतेय असं आम्हाला वाटलं होतं.

सड्यावरच्या ताईंना एक विचारतो. अडचण तव्याची असेल तर ओट्यावर दुसरा तवा ठेवू. तीन बर्नर आहेत. पुरुषमाणसं आपापला चहा ओतून घेतील, हेही आजच ठरवतो. मग पडवीत जायचं कारण काय उरतं?

सड्यावरची
तवा मिळेल हो, पण मीठ कोणाच्या हाताने पडणार?

माझं सांगते. आमच्याकडे सकाळचा चहा एका पातेल्यात, सासऱ्यांच्या चवीचा: आलं भरपूर, साखर त्याहून भरपूर. माझ्या माहेरी बिनआल्याचा, कमी साखरेचा. २२ वर्षांत माझ्या चवीचा चहा मी सासरी प्यायले तो बाळंतपणानंतर, आईने थर्मास भरून आणला होता म्हणून. वेगळा एक कप करते म्हटलं असतं तर कोणी नाही म्हटलं नसतं. पण चार जणांनी वर पाहिलं असतं. ‘हिला वेगळं लागतं’ हे वाक्य ऐकण्यापेक्षा गोड चहा गिळणं सोपं. तुमच्या धाकटीला घर फोडायचं असतं तर तिने दुपारचं जेवण वेगळं मागितलं असतं, आंब्याच्या पैशांचा हिशोब मागितला असता. तिने मागितलं काय, तर सकाळचा दीड तास, ज्यात काय शिजवायचं ते तिला कोणाला विचारावं लागणार नाही.

डोंबिवलीकर चाकरमानी
आमच्या घरात दोघंच आहोत. तरी चहा बायको माझ्याच चवीचा करते, हे आत्ता लक्षात आलं. असो.

पडवीकर
चार दिवसांनी लिहितोय. काल रात्री जेवणं झाल्यावर विषय काढला. दादा शेगडीच्या विरोधात, माझंही मत तेच, धाकटा ताटाकडे बघत बसलेला. आई कोकमाच्या बरण्या पुसत होती. मध्येच धाकटीला म्हणाली, ‘मांडलीस शेगडी तर मला अर्धा कप देशील का गं, साखर न घालता?’ अण्णा म्हणाले, तुला साखर चालत नाही हे तू कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, ‘पातेलं एकच होतं.’

मला पटलंय असं समजू नका. आगोट एकच भरायची, एकच यादी, एवढं मी कबूल करून घेतलंय, आणि कुडाळच्या भाऊंचा ३१ तारखेचा किस्सा तिघा भावांत मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर कोणी काही बोललं नाही. आता दादाचा आक्षेप वेगळाच आहे. मागच्या पडवीत न्हाणीच्या चुलाणासाठी चुडतं, म्हणजे सुकी झावळं, आणि नारळाची सोडणं रचलेली असतात, तिथे गॅस कसा ठेवायचा?

सड्यावरची
दादा या बाबतीत बरोबर आहेत. चुडतं मांगरात हलवा, पावसाच्या आधी, नाहीतर भिजतील. सिलिंडर उभाच ठेवायचा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच कट्ट्यावर, आणि पडवीला पश्चिमेचा वारा लागत असेल तर एका बाजूने पत्रा मारून घ्या, ज्योत विझते. कट्टा धाकटीच्या उंचीने बांधा. आमचा सासूबाईंच्या उंचीचा आहे.